लंगडणारा पाय बदलत राहतो तेव्हा: पलूस तालुक्यातल्या एका शिंगराचं प्रकरण

हरणी, वय साधारण १६ महिने, रंग कुमैत, अंगात मारवाडी रक्ताची मिसळ. मालक आबा, पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावातले ऊस बागायतदार, गोठ्यात संकरित गाई. दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून त्यांनी ती आणली, तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. घरात पूर्वी घोडागाडीच्या शर्यतीची घोडी होती, त्यामुळे हिलाही पुढे गाडीला जुंपायचा विचार होता. अजून पाठीवर खोगीर चढलेलं नव्हतं, टापेला नालही ठोकलेला नव्हता.

शिमग्याच्या सुमारास ती पहिल्यांदा उजव्या पुढच्या पायाने लंगडली. काटा भरला असेल म्हणून घरच्यांनी टाप खरवडून पाहिली, काही सापडलं नाही. दुखण्यावरची सुई दिली, दोन दिवसांत नीट चालायला लागली. आठवड्याभराने मागचा डावा पाय धरला. पुन्हा सुई, पुन्हा आराम. मग पुढचा डावा. गावातल्या जाणत्यांनी सांधा धरल्याचं निदान करून डाग द्यायला सांगितलं आणि डाग देणाऱ्याला निरोपही गेला. त्याच्या आधी एकदा बघून जा, म्हणून आबांचा फोन आला.

"डॉक्टर, ह्यो पाय बरा झाला की ती त्यो धरतीया. डाग द्यायचा तर कुठल्या पायाला द्यायचा?"

आबांच्या या प्रश्नातच अर्धं निदान होतं. एका पायात खिळा, एका सांध्यात इजा किंवा एका कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, ताण असेल तर दुखणं तिथेच बसून राहतं. पाय बदलणारी लंगड वेगळ्या दिशेला बोट दाखवते. डागाबद्दल मी तिथेच स्पष्ट सांगितलं, की तापल्या लोखंडाने कातडी जळते, आतलं दुखणं हलत नाही. जळाल्याच्या वेदनेने जनावर महिनाभर गप्प उभं राहतं आणि त्या विश्रांतीचं श्रेय डागाला मिळतं, एवढंच. निरोप मागे घ्यायला लावला. दुखण्यावरची सुईही बंद करायला सांगितली, कारण ती अंगात असताना केलेली लंगडीची तपासणी फसवी असते.

तपासणी

सुईचा असर उतरल्यावर हरणीला मी आधी लांबूनच पाहिलं. उभी असताना ती वजन या पायावरून त्या पायावर टाकत होती. ताप नव्हता, नाडी वयाच्या मानाने ठीक, खाणं थोडं सावकाश. चालवली तर चारही पाय आखूड टाकत होती, जणू खालची जमीन तापलेली आहे. कडक रस्त्यावर दुडकी करवली तेव्हा मान हलायला लागली. पुढचा पाय दुखत असला की तो टेकताना घोडं डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतं. या हिशेबाने त्या दिवशी डावा पुढचा दुखत होता, पाचपैकी दोन-तीन दर्जाची लंगड. गोल फिरवताना मात्र मागचा उजवाही आखडत होता, आणि तो तर अजून कुणाच्या तक्रारीत आलाच नव्हता.

टापा साफ करून चारही तळवे चिमट्याने जागोजाग दाबून पाहिले. टापेत पू धरला असेल तर ठरावीक जागी दाबताच जनावर पाय हिसकतं, टाप गरम लागते आणि टापेकडे जाणारी नाडी ठणकते. इथे काहीच नाही. तळव्याच्या पुतळीला, म्हणजे मधल्या मऊ त्रिकोणी भागाला, वास नाही, कुज नाही. कंडरा बोटांनी चाचपल्या, त्यात गाठ नाही, उष्णता नाही. सांधे दुमडून धरून लगेच दुडकी करवली, तर प्रत्येक सांध्यानंतर लंगड थोडी वाढली. एकाच सांध्याने उत्तर दिलं असतं तर काम सोपं होतं. इथे सगळेच सांधे थोडं थोडं "हो" म्हणत होते.

या वयाच्या जनावरात ज्या गोष्टी आधी मनात येतात त्या एकेक करून बाजूला कराव्या लागतात. वाढत्या वयात सांध्यातल्या कूर्चेचा तुकडा सैल होतो, पण तो बहुधा मागच्या पायाच्या घोट्यात (हॉक) किंवा गुडघ्यात (स्टायफल), आणि सांधा पाण्याने फुगलेला दिसतो. हरणीचे सांधे कोरडे होते. लांब हाडांच्या टोकाशी, जिथे हाड वाढतं तिथे सूज येते, विशेषतः पुढच्या गुडघ्याच्या वर आणि फेटलॉकपाशी, म्हणजे टापेच्या जरा वरच्या सांध्यापाशी. तिथे हात लावल्यावर ती थोडी अंग चोरायची, म्हणून ही शक्यता मी खुली ठेवली. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर ताप येतो, सांधा तापतो आणि पाय टेकवतही नाही. सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगात जनावर खंगतं, पायांवर सूज येते, ताप येतो-जातो. रक्ताची काच पाहिली, त्यात काही नव्हतं. मागच्या पायाची वाटी अडकली तर पाय मागे ताठ राहून झटक्याने सुटतो, तसंही नव्हतं.

नस बधिर करून लंगडीची जागा शोधणं ही या तपासणीतली खरी कसोटी. लिग्नोकेन टोचून खालून वर एकेक टप्पा बधिर करत जायचं, आणि ज्या टप्प्यावर लंगड थांबते त्याच्या खाली दुखणं आहे असं धरायचं. पण हाडाला चीर गेली असेल तर बधिर पायावर दुडकी करवणं म्हणजे ती चीर आरपार करणं. म्हणून आधी एक्स-रे आणि मगच सुई, हा क्रम मी सोडत नाही. त्यासाठी हरणीला शिरवळला नेलं, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात. क्रांतिसिंह आमच्या सांगली जिल्ह्यातले, येडेमच्छिंद्रचे. त्यांच्या नावाचं हे महाविद्यालय सातारा जिल्ह्यात असलं तरी आमच्याकडची बरीच अवघड जनावरं तिकडेच जातात.

पायांच्या चित्रांत चीर नाही, सुटलेला तुकडा नाही. मग डावा पुढचा पाय टापेपुरता बधिर केला, लंगड तशीच. फेटलॉकपर्यंत केला, थोडा फरक पडला आणि लगेच मागचा उजवा पाय जास्त उघडा पडला. इथे मी थांबलो. एक पाय गप्प केला की दुसरा बोलायला लागत असेल तर दुखणं पायांत शोधण्यात अर्थ नाही, ते सगळ्या हाडांत आहे.

गव्हाण

खरं तर ही पायरी पहिल्याच दिवशी होते, पण मांडताना मी ती मुद्दाम वेगळी काढली आहे, कारण सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं. जनावर काय खातं हे मालकाला विचारून भागत नाही. चारा टाकतं कोण ते विचारावं आणि मग त्यांच्याबरोबर गव्हाणीशी उभं राहावं. आबांनी सांगितलं, "चांगलं खातीया, हिरवा चारा आन् चंदी." चारा टाकणाऱ्या वहिनींनी प्रत्यक्ष दाखवलं तेव्हा चित्र वेगळं दिसलं. हंगामभर मुख्य चारा उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला. ऊसतोड टोळ्या फडातून मोळ्या विकतात, दारात येऊन पडतात, कृष्णाकाठी हिवाळ्यात यापेक्षा सोपा चारा नाही. जोडीला बांधावरचं संकरित नेपियर. चंदी, म्हणजे खुराक, म्हणून गव्हाचा भुसा (दळताना निघणारा कोंडा), रोज अडीच ते तीन किलो, भिजवून. वर किलोभर मक्याचा भरडा. लंगडायला लागल्यावर अशक्तपणा असेल म्हणून भुसा आणखी वाढवला होता.

त्या गव्हाणीत मला अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे ओले गोळे सापडले. हरणी चारा चघळायची आणि गोळा खाली टाकायची. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून गालाची हाडं वरून खाली चाचपली. डोळ्यांखाली, गालाच्या कडेच्या वर, दोन्ही बाजूंना सारखाच किंचित फुगवटा लागला. नजरेला तो दिसत नव्हता, बोटांना कळत होता. दाढांच्या रांगेवर बोटांनी दाब दिला तर तिने मान झटकली.

वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली, विचारल्याशिवाय. आधीच्या घोडीचं मूत ताकासारखं गढूळ असायचं, वाळलं की फरशीवर पांढरा थर राहायचा, हिचं मात्र पाण्यासारखं निवळ आहे. "तब्येत चांगली म्हणून निवळ असंल," असं त्यांना वाटलं होतं. घोड्याच्या बाबतीत हे उलटं आहे. घोडं चाऱ्यातून मिळालेलं जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडातून बाहेर टाकतं, म्हणून निरोगी घोड्याचं मूत्र कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांनी गढूळ असतं. निवळ मूत्र म्हणजे टाकायला काही उरलेलंच नाही.

हिशेब असा लागतो. गव्हाच्या भुशात किलोमागे साधारण ११ ग्रॅम फॉस्फरस आणि जेमतेम सव्वा-दीड ग्रॅम कॅल्शियम. तीन किलो भुसा म्हणजे ३३ ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस आणि ४ ग्रॅम कॅल्शियम. मक्यात फॉस्फरस थोडा, कॅल्शियम जवळपास नाहीच. घोड्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावं, आणि काही झालं तरी फॉस्फरसपेक्षा कमी नसावं. हरणीच्या चंदीत फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ पट होता. तिच्या बांध्याच्या वाढत्या शिंगराला दिवसाला अंदाजे २५ ग्रॅम कॅल्शियम लागतं.

उरलेलं चाऱ्यातून यायला हवं होतं. पण वाढे आणि नेपियर दोन्हींत ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला बांधून टाकतं आणि बांधलेलं कॅल्शियम आतड्यात शोषलं जात नाही. राहुरी कृषी विद्यापीठाच्या फुले जयवंत नेपियरचं वर्णन करताना कमी ऑक्झॅलिक आम्ल हा त्याचा गुण म्हणून सांगतात, तो याचसाठी.

आबांचा प्रश्न रास्त होता: "मग गाया तेच खात्यात की! त्या का लंगडत न्हाईत?" गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव ऑक्झॅलेट फोडतात, हळूहळू त्याला सरावतात, आणि हे घडतं पचनाच्या सुरुवातीला, पहिल्या मोठ्या पोटात. सुटलेलं कॅल्शियम पुढच्या आतड्यात शोषायला मिळतं. घोड्याचे सूक्ष्मजीव शेवटी, मोठ्या आतड्यात. कॅल्शियम शोषायची जागा मात्र त्याच्या आधीच्या लहान आतड्यात. ऑक्झॅलेट फुटेपर्यंत गाडी स्टेशन सोडून पुढे गेलेली असते. गाईंनाही वाढ्यांचा त्रास होतोच, पण तो बहुधा व्याल्यावर कॅल्शियम उतरतं तेव्हा दिसतो.

रक्ताचा अहवाल आणि त्यावरचा भरवसा

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं. फॉस्फरस वरच्या कडेला, अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाडांत उलाढाल वाढली की चढणारं विकर, वाढलेलं. पण वाढत्या जनावरात ते एरवीही जास्तच असतं. आबांच्या एका नातेवाइकाने अहवाल पाहून सांगितलं, कॅल्शियम तर बरोबर आहे, डॉक्टर उगाच चाऱ्याच्या मागे लागलेत. हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण या एका आकड्यावर भरवसा ठेवून पुष्कळ जनावरं तशीच लंगडत राहतात. रक्तातलं कॅल्शियम शरीर घसरू देत नाही. ते जरा खाली आलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. जास्तीच्या फॉस्फरसने हा ओढा आणखी वाढतो. म्हणजे रक्ताचा आकडा सरळ राहतो तो हाडं रिकामी करून. हाडं ठिसूळ होतात, सांध्यांखालचा आधार दबतो, कंडरा जिथे हाडाला बिलगतात तिथे बारीक इजा होतात. दुखणं पाय बदलतं ते यामुळे. जबड्याच्या आणि गालाच्या हाडांत निघून गेलेल्या खनिजाच्या जागी तंतुमय ऊती भरते आणि तोंड फुगतं. पूर्वी युरोपात पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांना भुसा भरपूर मिळायचा, त्यांच्यात हे दुखणं नेहमीचं होतं.

निदान पक्कं झालं ते मूत्र आणि रक्त एकाच वेळी घेऊन. दोन्हींतला फॉस्फरस आणि क्रिएटिनिन (मूत्रावाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) मोजून मूत्रपिंडाने गाळलेल्या फॉस्फरसपैकी किती टक्के बाहेर पडतो ते काढतात. चाऱ्यात समतोल असेल तर हा आकडा १ टक्क्याच्याही खाली असतो. ४ टक्क्यांच्या पुढे गेला तर फॉस्फरस जास्त जातो आहे असं मानतात. हरणीचा आकडा त्या रेषेच्या बराच पुढे होता. शिरवळच्या पायांच्या चित्रांत काही दिसलं नाही याचंही उत्तर इथेच आहे: हाडातलं साधारण ३० टक्के खनिज निघून गेल्याशिवाय एक्स-रेवर ते ठळक दिसत नाही. पण जबड्याचं चित्र काढलं होतं, आणि दाढांच्या मुळांभोवती जी बारीक पांढरी रेघ दिसायला हवी ती जागोजाग पुसट झाली होती. आहारातल्या असमतोलाने पॅराथायरॉइड ग्रंथी अति काम करणं, हेच निदान.

उपचार

आबांची पहिली अपेक्षा होती शिरेतून कॅल्शियमची बाटली, गाईला व्याल्यावर लावतात तशी. ती मी लावली नाही. बाटलीतलं कॅल्शियम काही तास रक्तात राहतं आणि हाडात न जमता वाहून जातं. घोड्याच्या हृदयालाही ते भरभर देणं धोक्याचं. ड जीवनसत्त्वाची सुईही नाकारली. घोड्याला त्याचा जास्त डोस विषारी ठरतो, मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं.

जे बदललं ते गव्हाणीत. वाढे आणि नेपियर बंद. भुसा आठवड्याभरात उतरवत नेऊन बंद, कारण घोड्याचा चारा एकदम पालटला तर पोटशूळ उठतो. त्याच्या जागी जत भागातून आणलेला ज्वारीचा वाळलेला कडबा, आणि लसूण घास, जो कॅल्शियमने भरलेला असतो. कडबा पिकलेला आणि वाळलेलाच हवा. हिरव्या ज्वारीने घोड्याच्या मूत्राशयाला आणि मज्जातंतूंना इजा होते. चंदीला भिजवलेला हरभरा आणि थोडा मका, म्हणजे हाडाला लागणारा फॉस्फरसही मिळत राहील. त्यात खाद्यप्रतीची चुनखडीची भुकटी, रोज ५० ग्रॅम, म्हणजे साधारण १९ ग्रॅम कॅल्शियम. डायकॅल्शियम फॉस्फेट दिलं नाही, त्यातून पुन्हा फॉस्फरसच गेला असता. पानाला लावायचा चुना चालेल का, असं वहिनींनी विचारलं. तो तोंड आणि घसा भाजतो, म्हणून नाही. सुरुवातीचे महिने कॅल्शियम फॉस्फरसच्या तिप्पट आणि मग दुपटीवर, असं ठरवलं.

गाईंची गोळी पेंडही हरणीला देऊ नका, असं बजावलं. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. गाईला ते सोसतं, घोड्याचं हृदय त्याने निकामी होतं. एकाच गोठ्यात दोन्ही जनावरं असतील तर ही टोपल्यांची अदलाबदल फार सहज होते.

विश्रांती हा उपचाराचा दुसरा अर्धा भाग, आणि पाळायला जास्त अवघड. चारा बदलल्यावर दुखणं आधी कमी होतं, हाडं नंतर भरतात. मधल्या काळात जनावर उड्या मारायला लागतं आणि हाड अजून कच्चंच असतं. या टप्प्यावर मोडलेला पाय बहुतेक वेळा जनावर घेऊन जातो. म्हणून हरणी लहान आवारात, मऊ जमिनीवर, दोरीवर गोल पळवणं बंद. दुखण्यावरचं औषध सुरुवातीला मोजकं दिलं आणि थांबवलं. ते लांबवलं तर पोटात व्रण पडतात, शिवाय दुखणं झाकून ते जनावराला पळायला लावतं.

पुढे काय झालं

पाऊस सुरू होईपर्यंत हरणी चालीत मोकळी झाली होती. चघळून गोळे टाकणं त्याच्याही आधी थांबलं. मूत्र पुन्हा गढूळ झाल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, आणि माझ्या दृष्टीने ती सगळ्यात पक्की खबर होती. दुडकीवर मान हलणं सर्वांत शेवटी गेलं. मूत्रातल्या फॉस्फरसचा आकडा पुन्हा काढला तेव्हा तो रेषेच्या खाली आला होता.

गालांवरचा फुगवटा मात्र अजून बोटांना लागतो. तो पूर्ण जाईल असं मी आबांना सांगितलेलं नाही. तंतुमय ऊतीने भरलेली जागा बऱ्याचदा तशीच राहते. श्वासाला त्याचा अडथळा नाही, दाढा घट्ट आहेत.

आबांनी विहिरीजवळच्या चार गुंठ्यांत लसूण घास केला आहे. वाढे अजूनही येतात, पण ते गाईंपुरते, आणि त्यांनाही चुन्याच्या निवळीची प्रक्रिया करून. हरणीची गव्हाण गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला हलवली आहे.

गाडीचा प्रश्न राहिला आहे. यंदाच्या जत्रेत तिला नुसती मोकळ्या गाडीला जुंपून बघू, असं आबांच्या मुलाचं म्हणणं. हाडं भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं आणि तेही चारा एक दिवसही न चुकता. तीन वर्षं पूर्ण होण्याआधी आणि जबड्याचं चित्र पुन्हा काढून दाढांभोवतीची रेघ परत दिसल्याशिवाय जुंपायचं नाही, असं मी त्यांना लेखी दिलं आहे. आबांनी ते मान्य केलं. मुलगा अजून कुरकुरतो, पण चित्र काढायला शिरवळला तोच घेऊन जाणार आहे.